वाघीण ओढणारें इंजिन

मराठी भाषेंत ‘वाघीण’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ लहान मुलांनाही ठाऊक असतो. दुसरा अर्थ स्टेशनमास्तर, हमाल, अडते आणि मालधक्क्याशीं ज्यांचा रोजचा संबंध येतो अशा मंडळींनाच विशेष ठाऊक. इंग्रजी ‘वॅगन’ हा शब्द मराठी माणसाच्या जिभेवर फार दिवस परका राहिला नाहीं. रेल्वेच्या आवारांत त्याची वाघीण झाली, आणि ती इतकी रुळली कीं पुढें कचेरीच्या कागदांतही तिला जागा मिळाली.

ही वाघीण डरकाळी फोडीत नाहीं आणि स्वतःच्या बळावर एक पाऊलही चालत नाहीं. कोणी ओढली तर पुढें जाते, कोणी ढकलली तर मागें सरते, आणि कोणी विसरला तर आडरुळावर उन्हातान्हांत उभी राहते. तिच्या पोटांत लाकूड असेल तर दोन दिवसांच्या विलंबानें फारसें बिघडत नाहीं. केळीं असतील तर मात्र बागाईतदाराचें सारें गणित चुकतें. म्हणून वाघीण वेळेवर हलविणारें इंजिन कोणतें, तें काम कसें करीत होतें, आणि तें गेल्यानें काय गेलें, हा विचार केवळ यंत्रशास्त्राच्या हौशी मंडळींपुरता नाहीं. वसई-विरारसारख्या बागाईत मुलखाला तर तो आपल्या पोटापाण्याचा विचार आहे.

आगगाडीच्या इतिहासांत मान मिळतो तो मेलगाडीला. फ्रंटिअर मेल १ सप्टेंबर १९२८ रोजीं सुरू झाली आणि तिचें नांव मुंबईपासून पेशावरपर्यंत लोकांच्या तोंडीं झालें. मेलगाडीचें इंजिन घांसून-पुसून लखलखीत ठेवीत. मालगाडीच्या इंजिनाला बहुधा नांव नसे, नुसता क्रमांक असे. यार्डांत वाघिणी इकडून तिकडे करणाऱ्या इंजिनाकडे तर कोणी मान वळवूनही पाहत नसे. परंतु मेलगाडींतून उतरलेल्या पाहुण्याच्या ताटांतलें मीठ, पानाच्या तबकांतलें पान आणि त्याच्या टांग्याच्या घोड्याचें गवत हें बरेंचसें या बेनांवाच्या इंजिनानें आणलेलें असे.

मुंबईच्या उत्तरेकडील हा लोहमार्ग बाँबे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे या कंपनीनें बांधला. लोक तिला बी. बी. सी. आय. म्हणत. कंपनी १८५५ सालीं स्थापन झाली. तिचा पहिला तुकडा मुंबईंत नव्हे, तर गुजराथेंत, अंकलेश्वर ते उत्राण हा १८६० सालीं सुरू झाला. तेथून रूळ दक्षिणेकडे सरकत सरकत १८६४ च्या नोव्हेंबरांत मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत आले. या घाईमागें कारण होतें. अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि गुजराथच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो कापूस मुंबईच्या बंदरांत लवकर पोंचविणें हें या मार्गाचें एक मोठें प्रयोजन होतें. म्हणजे ज्या मार्गाला आज सारें जग उपनगरी गर्दीचा मार्ग म्हणून ओळखतें, तो मुळांत मालासाठींही तितकाच बांधला गेला. विरारहून बॅकबेपर्यंत रोज एक उतारू गाडी जाऊं-येऊं लागली ती १२ एप्रिल १८६७ पासून.

मार्ग बांधणें सोपें नव्हतें. विरारच्या उत्तरेस वैतरणा, वसईच्या दक्षिणेस भाईंदरची खाडी, आणि त्या खाडीच्या मध्यें पाणजू बेट. खालीं चिखल, वर भरती-ओहोटीचें पाणी. कंपनीचे सल्लागार इंजिनिअर लेफ्टनंट कर्नल जॉन पिट केनेडी यांनीं या मार्गावरील पुलांसाठीं एक ठराविक पद्धत घेतली. टोंकाला मळसूत्राचें पातें असलेले बिडाचे पोकळ खांब चिखलांत फिरवीत फिरवीत खोल उतरवावयाचे, आणि त्यांवर साठ-साठ फुटांच्या लोखंडी कैच्या टाकावयाच्या. त्या काळच्या हलक्या इंजिनांना हे पूल पुरले. पुढें इंजिनें जड होत गेलीं तसतसे पूलही बळकट करावे लागले, किंवा नवे बांधावे लागले. इंजिन किती मोठें आणावयाचें हें कारखान्यांत ठरत नाहीं. वाटेवरचा सर्वांत अशक्त पूल तें ठरवितो.

स्टेशनाचें नांव इंग्रजींत ‘बसीन रोड’ असें पडलें. ‘रोड’ या पुस्तीचा अर्थ असा कीं, येथें उतरा, गांव येथून दूर आहे. वसईचा किल्ला आणि जुनें गांव पश्चिमेस समुद्राकडे, आणि रूळ मात्र पूर्वेकडून गेलेले. त्यापूर्वीं या भागाचा माल मुंबईस जाई तो मचव्यांतून व गलबतांतून. वारा आणि भरती यांचा मेळ बसला तर माल लवकर पोंचे, नाहीं तर खाडींतच खोळंबे. आगगाडी आल्यावर मचवे एकदम नाहींसे झाले नाहींत. परंतु वाऱ्याची मर्जी संपली आणि तिच्या जागीं वेळापत्रक आलें, हा फरक लहान नव्हता.

या मुलखांतून जाणारा माल तरी किती तऱ्हेचा! वसईच्या वाड्यांतील केळीं, भाजीपाला, फुलें आणि विड्याचीं पानें. आगाशीकडची राजेळी केळ्यांचीं सुकेळीं. अर्नाळ्याची सुकी मासळी. भाईंदर-नायगांवच्या आगरांतलें मीठ. उत्तरेकडून पालघर-डहाणूचें गवत आणि जंगलांतलें लाकूड. यांतील हलका आणि नाशवंत माल पुष्कळदां टोपल्यांतून उतारू गाडीच्या सामानडब्यांत चढे. वसई-विरारच्या बायकामाणसांनीं डोक्यावरची टोपली घेऊन पहांटेची गाडी गांठणें, हें दृश्य मुंबईकरांच्या पिढ्यान् पिढ्यांनीं पाहिलें आहे. जड आणि ढिगानें जाणारा माल मात्र वाघिणींतून जाई. एका बैलगाडींत अर्धा टन माल धरला आणि एका चारचाकी वाघिणींत वीस टन धरला, तर एक वाघीण म्हणजे चाळीस बैलगाड्या होतात. अशा चाळीस वाघिणींची एक मालगाडी. आतां ती ओढणारें इंजिन केवढें बळाचें असलें पाहिजे, याचा अंदाज श्रोत्यांना सहज करतां येईल.

मेलगाडीचें इंजिन आणि मालगाडीचें इंजिन यांत फरक काय, हें समजण्यास त्यांच्या चाकांकडे पाहावें. वाफ नळकांड्यांत शिरून दट्ट्याला पुढें-मागें ढकलते. दट्ट्याच्या दांड्यानें मोठीं चाकें फिरतात. चाक मोठें असलें तर एका फेऱ्यांत गाडी अधिक अंतर तोडते, पण जोर कमी पडतो. चाक लहान असलें तर अंतर कमी, पण ओढ अधिक. मेलगाडीला वेग हवा म्हणून तिला मोठीं चाकें. मालगाडीला ओढ हवी म्हणून तिला लहान चाकें. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय रेल्वेनें दोन प्रसिद्ध जाती पत्करल्या. उतारूंसाठीं डब्ल्यू. पी. आणि मालासाठीं डब्ल्यू. जी. दोहोंचे पुष्कळ भाग एकसारखे. पण डब्ल्यू. पी. चें मोठें चाक पांच फूट सात इंच व्यासाचें, तर डब्ल्यू. जी. चें पांच फूट दीड इंच. एकीची ओढ सुमारें साडेतीस हजार पौंड, तर दुसरीची सुमारें एकोणचाळीस हजार.

दुसरी गोष्ट वजनाची. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घट्ट धरून राहतें तें इंजिनाच्या वजनामुळें. म्हणून मालाच्या इंजिनाचें जितकें वजन ओढणाऱ्या चाकांवर पडेल तितकें बरें. जुन्या काळचें मालगाडीचें इंजिन पाहिलें तर त्याला पुढें-मागें बिनकामाचीं लहान चाकें नसत. सहाच चाकें, आणि सहाही एकमेकांना दांड्यानें जोडलेलीं. त्यांच्यावर इंजिनाचा सारा भार. वसईकडचा पावसाळा ज्यांनीं अनुभवला आहे त्यांना ठाऊक आहे कीं तेथें जून ते सप्टेंबर रूळ कोरडा असा क्वचितच असतो. ओल्या रुळावर जड गाडी हलवितांना चाक जागच्या जागीं गरगरूं लागे. त्यासाठीं इंजिनावर वाळूची पेटी असे. नळींतून चिमूटभर वाळू चाकापुढें पडली कीं चाक पुन्हा रुळाला धरी.

तिसरी गोष्ट वाफेच्या स्वभावाची. वाफेचें इंजिन उभें असतांनाच आपला पुरा जोर लावूं शकतें. बैलाप्रमाणें तें मान खालीं घालून हळूहळू रेटीत गाडी हलवितें. वारंवार थांबणें, वारंवार निघणें, पुढें जाणें, मागें येणें, या कामाला हा स्वभाव फार सोयीचा. दोन नळकांड्यांच्या इंजिनाच्या चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला चार भक्कारे येतात. जाणता माणूस डोळे मिटूनही त्या आवाजावरून सांगे, कीं गाडी जड आहे कीं हलकी, इंजिन ओढतें आहे कीं नुसतें चालतें आहे.

या इंजिनांच्याही पिढ्या झाल्या. आरंभीं हीं इंजिनें विलायतेहून आगबोटीनें येत. प्रत्येक कंपनीचा नमुना निराळा. एकीचा भाग दुसरीला बसत नसे. १९०३ सालापासून हिंदुस्थानच्या रेल्वेंसाठीं इंग्लंडांत ठराविक नमुने बसविण्यांत आले. सहा जोडचाकांचें मालाचें इंजिन त्यांत होतें, आणि लवकरच आठ जोडचाकांचेंही आलें. पुढें १९२०-३० च्या दशकांत इकडच्या निकृष्ट कोळशाचा विचार करून रुंद भट्टीचीं नवीं इंजिनें आखलीं. दुसऱ्या महायुद्धांत मालवाहतुकीचा ताण असह्य झाला, तेव्हां अमेरिका आणि कॅनडा येथून आठ जोडचाकांचीं शेंकडों इंजिनें आलीं. आणि १९५० सालापासून डब्ल्यू. जी. जातीचें पर्व सुरू झालें. त्याच वर्षीं चित्तरंजनच्या कारखान्यांतून याच जातीचें पहिलें इंजिन बाहेर पडलें आणि त्याला ‘देशबंधु’ असें नांव दिलें गेलें. १९७० सालापर्यंत या जातीचीं एकूण २,४५० इंजिनें झालीं. तेथें तयार झालेलें शेवटचें ‘अंतिम सितारा’.

येथें आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. हिंदुस्थानांत पूर्णपणें बनलेलें पहिलें आगगाडीचें इंजिन म्हणून ज्याची नोंद केली जाते, तें याच बी. बी. सी. आय. कंपनीच्या हाताखालील अजमेरच्या कारखान्यांत १८९५ सालीं तयार झालें. तें मीटरमापी होतें, क्रमांक एफ-७३४. हें कांहीं डौलदार मेलचें इंजिन नव्हे. सहा जोडचाकांचें, मालासही चालणारें, कष्टाळू जातीचें इंजिन. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत तें आज उभें आहे.

आतां शंटिंगकडे वळूं. हा शब्द ऐकलेला सर्वांनीं असतो, पण त्यांत नेमकें काय करावें लागतें याची कल्पना थोड्यांना असते. एक उदाहरण घेऊं. समजा, उत्तरेकडून चाळीस वाघिणींची एक मालगाडी वसई रोडला येऊन बाजूच्या रुळावर उभी राहिली. इंजिनापासून मोजली तर तेविसावी वाघीण येथें सोडावयाची आहे. मालधक्क्याच्या रुळावर केळीं आणि पानें भरलेल्या तीन वाघिणी तयार आहेत. त्या घेऊन पुढें जावयाचें आहे. येथें निराळें शंटिंगचें इंजिन नाहीं. गाडीच्या इंजिनानेंच हें काम उरकावयाचें आहे.

प्रथम तेविसाव्या वाघिणीच्या मागची साखळी सोडावयाची, आणि तेवीस वाघिणी घेऊन इंजिनानें सांध्याच्या पुढें जावयाचें. सांधेवाला सांधा मालधक्क्याकडे फिरवितो. इंजिन मागें रेटीत येतें. तेविसावी वाघीण त्या तीन भरलेल्या वाघिणींना जाऊन भिडते, साखळी लागते. पुन्हा सर्व घेऊन पुढें. सांधा पुन्हा गाडीच्या रुळाकडे. इंजिन मागें येतें. तिन्ही भरलेल्या वाघिणी उरलेल्या गाडीला भिडतात, जोडल्या जातात, आणि तेविसावीपासून सोडल्या जातात. पुन्हा पुढें, सांधा मालधक्क्याकडे, पुन्हा मागें, आणि तेविसावी वाघीण तेथें सोडून द्यावयाची. पुन्हा पुढें, सांधा फिरवावयाचा, पुन्हा मागें येऊन बावीस वाघिणींसह गाडीला जोडावयाचें. म्हणजे एक वाघीण टाकून तीन घेण्यासाठीं इंजिन आठ वेळां हललें, सांधा चार वेळां फिरला, आणि साखळी सहा वेळां लावावी-सोडावी लागली. हें सारें दिवसा, कोरड्या हवेंत आणि कोणाची चूक झाली नाहीं तर. रात्रीं मुसळधार पावसांत, हातांतल्या कंदिलाच्या खुणेवर हेंच काम करावयाचें म्हटलें कीं त्याची किंमत ध्यानांत येते.

ती साखळी कोण लावतो? दोन वाघिणींच्या टोंकांना बाजूंस दोन-दोन बफर असतात आणि मध्यें साखळी. पुढें मध्यभागीं आपोआप अडकणारे जोड आले. परंतु जुन्या वाघिणींत माणसाला दोन्हींच्या मध्यें शिरावें लागे. एका बाजूला उभी वाघीण, दुसरीकडून सरकत येणारी. ड्रायव्हरला तो माणूस दिसत नसे. दिसे ती फक्त शंटिंग जमादाराची हिरवी-तांबडी खूण. ती खूण एक क्षण आधीं झाली, किंवा पाय खडीवरून घसरला, तर बफरांच्या मध्यें सांपडलेल्या माणसाला वांचविणें कठीण. घरीं बसून विडा लावणाऱ्याला त्या पानावरचा हा धोका दिसत नाहीं.

इंजिनावरच्या दोघांचें कामही हलकें नव्हतें. ड्रायव्हर मान बाहेर काढून खुणेकडे पाहत असे, आणि आगवाला भट्टीकडे. जड गाडी ओढतांना आगवाल्याला तासाला टनभर कोळसाही फावड्यानें भट्टींत टाकावा लागे. तोही नुसता टाकून भागत नसे; भट्टीच्या कोणत्या कोपऱ्यांत आग पातळ झाली आहे हें पाहून तेथेंच तो पसरावा लागे. एप्रिल-मे महिन्यांत वसईची दमट हवा बाहेर आणि भट्टीचें तोंड समोर, अशा अवस्थेंत त्या माणसानें सारी पाळी काढावयाची. पाण्याची पातळी कमी झाली तर बॉयलरला धोका, वाफ कमी झाली तर गाडीला उशीर, धूर जास्त झाला तर वरिष्ठांचा ठपका.

या सर्व खटाटोपावर एक अदृश्य घड्याळ टांगलेलें असे. मागून उतारू गाडी येणार, किंवा मेल येणार. तिच्या आधीं मुख्य रूळ मोकळा झालाच पाहिजे. स्टेशनमास्तरचा एक डोळा लाइन-क्लिअरच्या यंत्रावर, दुसरा शंटिंगवर. वेळ अपुरा दिसला तर तो सांगे, कीं आधीं मेल जाऊं द्या. मग तीन भरलेल्या वाघिणी धक्क्यावरच उभ्या, आणि मालगाडीचें इंजिन वाफ दाबून स्वस्थ. मेल धडधडत निघून जाई. तिच्या आंतल्या प्रवाशाला आपल्यासाठीं कोणाचीं केळीं थांबलीं आहेत हें कळण्याचें कारण नव्हतें.

वसईहून निघालेली वाघीण पुढें मुंबईच्या यार्डांत जाऊन पुन्हा वेगळी होई. एक शहरांतल्या मालधक्क्याकडे, दुसरी दूरच्या गाडीकडे, तिसरी बंदराकडे. बंदराची म्हणून मुंबई पोर्ट ट्रस्टची स्वतंत्र रेल्वेच १९१५ सालीं सुरू झाली होती, आणि गोद्यांतून वाघिणी फिरविण्यासाठीं तिचीं स्वतःचीं इंजिनें होतीं.

विरारचें महत्त्व एका निराळ्याच कारणानें वाढलें. मुंबईंत या मार्गावर विजेची गाडी १९२८ च्या जानेवारींत बोरिवलीपर्यंत सुरू झाली, आणि १९३६ सालीं तिची तार विरारपर्यंत आली. तेथें ती थांबली. तेव्हांपासून कित्येक वर्षें विरार हें विजेच्या तारेचें टोंक आणि वाफेच्या राज्याचें वेशीवरचें गांव झालें. गंमत अशी कीं, तार फक्त उपनगरी गाड्यांच्या कामाची. मेल आणि मालगाड्या त्याच तारेखालून वाफेच्या इंजिनानें धूर सोडीत मुंबईंत शिरत. विरारच्या पलीकडे तर उतारूंनाही वाफेचाच आधार. विजेच्या उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत गेल्या त्या २०१३ सालीं.

वाफेचें इंजिन गेलें याबद्दल केवळ हळहळ करणें न्यायाचें होणार नाहीं. जळलेल्या कोळशाच्या उष्णतेंतील शंभर भागांपैकीं जेमतेम सात-आठ भाग गाडी ओढण्याच्या कामीं येत. बाकीचे धुराड्यांतून आकाशांत जात. शंटिंगच्या इंजिनाचा हिशेब तर याहूनही वाईट, कारण तें उभें असतांनाही त्याची भट्टी जळतच असे. या मार्गाला लागणारा कोळसा झरिया-राणीगंजकडून, हजारांहून अधिक मैलांवरून आणावा लागे. म्हणजे कोळसा वाहण्यासाठींही कोळसा जाळावयाचा. राख काढणें, बॉयलर धुणें, थंड भट्टींत वाफ धरण्यासाठीं तासन् तास आधीं आग पेटविणें, यांत माणसांचे हात आणि दिवस खर्ची पडत. डिझेलचें शंटर कळ फिरवतांच सुरू होतें आणि काम नसेल तेव्हां बंद करतां येतें. १९५१ सालीं बी. बी. सी. आय. कंपनीचें पश्चिम रेल्वेंत विलीनीकरण झालें होतें. पुढें १९७०-८० च्या दशकांत विरारच्या उत्तरेचा मार्ग नव्या पद्धतीच्या विजेवर चालूं लागला, आणि या पट्ट्यांतलें वाफेचें राज्य संपलें. देशांतील रुंदमापी मार्गावरची वाफेची नित्याची शेवटची गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजीं पंजाबांत जालंदर ते फिरोजपूर धांवली.

इंजिन बदललें एवढेंच झालें असतें तर हा विषय येथें संपला असता. परंतु त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, आणि वसईच्या बागाईतदाराच्या दृष्टीनें तीच अधिक महत्त्वाची. १९८०-९० च्या दशकांत भारतीय रेल्वेनें सुट्या वाघिणींची वाहतूक हळूहळू आवरती घेतली. एका ठिकाणाहून एकच माल भरून थेट दुसऱ्या एकाच ठिकाणीं जाणारी संपूर्ण मालगाडी, हें धोरण आलें. त्याला सबळ कारणें होतीं. सुटी वाघीण चालण्यापेक्षां यार्डांतच अधिक वेळ उभी राहत असे. देशाला कोळसा, धान्य, सिमेंट, खनिज यांची वाहतूक तातडीनें हवी होती. आणि प्रत्येक स्टेशनावर वाघिणी काढीत-घालीत जाणारी गाडी सारा मार्ग अडवून ठेवी. व्यवस्थेच्या दृष्टीनें हा निर्णय शहाणपणाचा होता, हें मान्य केलें पाहिजे.

पण त्याचा अर्थ काय झाला? ज्याच्याजवळ चाळीस वाघिणींचा माल, त्याला रेल्वे. ज्याच्याजवळ एका वाघिणीचा, त्याला रस्ता. आठ वेळां पुढें-मागें होऊन जें इंजिन लहान गांवच्या एका वाघिणीला मोठ्या गाडींत जागा करून देत असे, तें गेलें आणि त्याच्याबरोबर ती जागाही गेली. मालधक्के ओस पडले. त्यांच्या जागीं ट्रक आले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशांतील मालवाहतुकीचा सुमारें नव्वद टक्के भाग रेल्वेकडे होता. तो उतरत उतरत तिसांच्या आसपास आला. याला चांगले रस्ते, मोटारी, व्यापाराची बदललेली तऱ्हा अशीं अनेक कारणें आहेत. परंतु लहान माल पाठविणाऱ्याला रेल्वेचें दार बंद झालें, हेंही त्यांतलें एक कारण खरें. वसई-विरारला अहमदाबादच्या महामार्गावर ट्रकांची जी रांग लागते, तिच्यांत त्या जुन्या वाघिणींचा वारसा आहे.

नाशवंत शेतमालाच्या छोट्या ढिगांना रेल्वेंत पुन्हा जागा द्यावी, हा विचार मधून मधून डोकें वर काढतो. ७ ऑगस्ट २०२० रोजीं नाशिकजवळच्या देवळालीहून बिहारांतील दानापूरकडे पहिली ‘किसान रेल’ निघाली, ती याच विचारानें. वाटेंत थांबत, थोडा थोडा माल घेत. आणि आतां पालघर जिल्ह्यांतूनच दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर हा १,५०६ किलोमीटरांचा खास मालगाड्यांचा मार्ग आखला गेला आहे. त्यामुळें मालगाडीला मेलसाठीं खोळंबून राहण्याचें कारण उरणार नाहीं, हा लाभ मोठाच. परंतु त्या लांबच लांब गाड्या वसईच्या दारावरून नुसत्याच जाव्यात, कीं एखाद्या वाघिणीपुरता माल असलेल्या माणसालाही तेथें कोठें तरी जोडून घेतां यावें, हा प्रश्न अभियंत्यांनीं एकट्यांनीं सोडवावयाचा नाहीं. बागाईतदारांच्या सोसायट्या, बाजार समित्या, महानगरपालिका यांनींही तो विचारला पाहिजे.

आणखी एक काम मात्र कोणाच्या मंजुरीवांचून होण्याजोगें आहे. या मार्गावर वाफेच्या इंजिनाची भट्टी ज्यांनीं पेटविली, सांधे फिरविले, साखळ्या जोडल्या, त्यांच्यापैकीं जे हयात आहेत ते सर्व आतां वार्धक्यांत आहेत. इंजिन संग्रहालयांत उभें करतां येतें. परंतु ओल्या रुळावर वाळू केव्हां सोडावी, कंदिलाची कोणती खूण कशासाठीं, आणि भक्काऱ्यांवरून गाडीचें वजन कसें ओळखावें, हें त्या माणसांबरोबर जाणार आहे. वसई, विरार, पालघर येथील शाळांनीं वरच्या वर्गांतील मुलांना अशा एकेका आजोबांकडे वही घेऊन पाठवावें. मुलांची मराठी सुधारेल, आजोबांचा एक दुपारचा वेळ बरा जाईल, आणि वाघीण या शब्दाचा दुसरा अर्थ आणखी एका पिढीला कळेल.